मॉर्फिन सुरू झालं म्हणजे शेवट आला?

निपाणी-चिकोडीकडे काय, खानापूरच्या खेड्यांत काय, कर्करोगाच्या पेशंटला घरी मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदना शमवणारी, गोळी आली की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते, "आता काही खरं नाही. ती गोळीच माणसाला नेते." मग घरचे गोळी कपाटात ठेवतात आणि पेशंट रात्रभर कण्हतो.

नेतो तो आजार. हे औषध बऱ्याचदा अगदी अखेरच्या दिवसांतच दिलं जायचं, म्हणून आळ त्याच्यावर आला. डॉक्टर कमी डोसने सुरुवात करून वेदना बघून तो वाढवतात. असं दिलेलं मॉर्फिन मरण ओढवत नाही. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची, कळ उठायची वाट बघत बसायचं नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी, मळमळ असते, ती ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही! पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

व्यसनाची भीतीही अशीच फुगवलेली. वेदनेसाठी घेणारा क्वचितच व्यसनी होतो. शरीराला सवय लागते, म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, एवढंच. पेशंट हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन.

2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. घरी येणाऱ्या नर्सताईंना डोसाची वही दाखवा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या गुडघेदुखीला देऊ नका, जिथून आणल्या तिथेच परत करा.