व्हेंडर (पुणे परिसरातील उद्योग)

मोठ्या कारखान्याला त्याच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग करून देणारा, किंवा त्या भागावरचे एखादेच काम करून देणारा उद्योजक. शब्दाचा मूळ अर्थ विक्रेता. पण भोसरीत किंवा चाकणला व्हेंडर म्हटले की विकणारा डोळ्यांसमोर येत नाही, गाळ्यात दोन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी यंत्रे) लावून बसलेला माणूस येतो. विकायला त्याच्याकडे स्वतःचे असे फारसे काही नसतेच. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, बहुधा डायही (भागाला आकार देणारा साचा) त्याचीच, जॉबवर्क म्हणजे नुसते काम करून देणे असेल तर लोखंडसुद्धा त्याचेच. व्हेंडरचे ते मशीन, माणसे आणि बँकेचे हप्ते. मोटार जर्मन नावाची असो की कोरियन, तिच्या साखळीचे शेवटचे टोक पुण्यात अशा एखाद्या गाळ्यात येऊन टेकते.

ही जमात एका दिवसात तयार झालेली नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीत भूखंड पडू लागले. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९६६ मध्ये पुण्यात पाय रोवले तेव्हा आधी ट्रक नव्हे, तर टूलरूम (डाय आणि हत्यारे घडवणारा विभाग) आणि मशीन टूल विभाग उभे केले. इथला पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ मध्ये. मधल्या काळात अॅप्रेंटिस म्हणून घासलेल्या हातांपैकी काहींनी पुढे नोकरी सोडून एक लेथ टाकला आणि जुन्या साहेबांकडेच काम मागितले. आकुर्डीची बजाज, खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांच्या भोवतीही असेच गोत जमले. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या तेव्हा त्यांना इथे नुसती जमीन मिळाली नाही, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) बोलणारी माणसे आयती मिळाली. मर्सिडीज-बेंझची मोटार १९९५ पासून पिंपरीत जोडली जाऊ लागली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.

सरकारी रेटाही होता. १९९७ च्या धोरणानुसार मोटार कंपन्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के देशी भाग वापरण्याचा करार करावा लागे. अमेरिका आणि युरोपीय संघाने हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेकडे नेले आणि निकाल भारताच्या विरोधात गेला. सक्ती गेली, व्हेंडर राहिले. कारण तोवर ते स्वस्त पडू लागले होते.

साखळीत उतरंड असते. थेट कंपनीच्या लाइनवर माल देणारा टियर-१, त्याला देणारा टियर-२, त्याच्याही खाली टियर-३. वरच्या पायरीवर बॉश, झेडएफ अशी नावे भेटतात. ते स्वतःच बहुराष्ट्रीय. खाली उतरावे तसे नाव जाऊन नुसता व्हेंडर कोड उरतो. गिअरचा एक साधा शाफ्ट घेतला तरी फोर्जिंग (तापलेले लोखंड ठोकून आकार देणे) एकाकडे, टर्निंग (लेथवर कातणे) दुसऱ्याकडे, दाते पाडणे म्हणजे हॉबिंग तिसऱ्याकडे, मग धातू कडक करणारी हीट ट्रीटमेंटची भट्टी आणि शेवटी ग्राइंडिंग, म्हणजे घासून नेमके माप आणणे. दर टप्प्याला टेम्पो, चलन (मालासोबतचा कागद) आणि मोजणी. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, त्यामुळे गाळ्यातल्या पोटमाळ्यावर मशीनच्या सुट्या भागांपेक्षा फायलीच जास्त. मोटारीत बसण्याआधी शाफ्टचा बराचसा प्रवास छोट्या हत्तीतून झालेला असतो.

टर्निंगच्या मशीनपाशी दोन मिनिटे उभे राहिले तर या व्यवहाराचा गाभा कळतो. ऑपरेटर नग काढतो, चिंधीने पुसतो आणि त्यावर गो-नो गो गेज (माप हद्दीत आहे का ते दाखवणारे दोन बाजूंचे मापक) सरकवतो. गो बाजू गेली पाहिजे, नो गो अडली पाहिजे. नो गो पण गेली तर नग बारीक झाला, लाल क्रेटमध्ये. जाड निघाला तर रिवर्क करता येतो, बारीक निघाला की थेट भंगार. म्हणून कसलेला ऑपरेटर माप वरच्या हद्दीकडे धरूनच चालतो. सदोष नगांचा हिशेब पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांमागे किती, असा होतो. दोन मशीनच्या गाळ्याला दहा लाख नग काढायलाच किती काळ लागेल हा भाग वेगळा.

माल साठवून ठेवणे हा आता खर्च मानला जातो. शेड्यूल (कधी किती माल द्यायचा ते) कंपनीच्या पोर्टलवर उतरते, पेट्यांवर बारकोडची चिठ्ठी लागते, आणि काही ठिकाणी ‘मिल्क रन’ची गाडी, डेअरीची गाडी गावोगाव दूध गोळा करते तशी, व्हेंडरांच्या दारोदार फिरते. साठा कारखान्यात नाही याचा अर्थ तो नाहीसा झाला असे नव्हे; तो व्हेंडरच्या गाळ्यात किंवा रस्त्यावर असतो. पोर्टलला मिनिटे कळतात, चाकणचा तळेगाव चौक कळत नाही. माल वेळेत न पोचून लाइन थांबली तर डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) येते, आणि ती पाठवताना वाहतूक कोंडीची दखल घेण्याची पद्धत नाही.

पैशांचा वेग मात्र उलट. दरवर्षी ‘कॉस्ट डाउन’ म्हणून दरात काही टक्के सूट मागितली जाते आणि बिल उधारीवर चालते. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. त्याला धार आली ती आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, आयकर कायद्यातल्या ४३बी (एच) कलमाने. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघू उद्योगांना आहे, मध्यमला नाही.

व्हेंडरने स्वतः बहुराष्ट्रीय होण्याचे ठळक उदाहरण मुंढव्याचे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जने २००४ मध्ये कार्ल डान पेडिंगहाउस ही जर्मन फोर्जिंग कंपनी विकत घेतली. असे भाग्य अर्थातच थोड्यांचे.

बाकीच्यांना दूरचे निर्णय सोसावे लागतात. तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून २०१७ अखेर देशातली विक्री थांबली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही. चिनी कंपनी ग्रेट वॉलबरोबरचा कारखाना विकण्याचा व्यवहार सरकारी परवानगीअभावी बारगळला आणि शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपचा दुष्काळ पडला, तेव्हा चिपशी काडीचा संबंध नसलेल्या गाळ्यांचीही शेड्यूल कापली गेली. एका भागावाचून गाडी अडली की उरलेले सगळे भाग अडतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटरमध्ये लागणाऱ्या, दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि विद्युत दुचाकींच्या बाबतीत तेच पुन्हा झाले.

मॉडेल बंद झाले तरी व्हेंडरची सुटका होत नाही. स्पेअरसाठी ते भाग पुढची काही वर्षे लागतात, म्हणून ग्रीस फासलेल्या डाय गाळ्याच्या मागच्या रॅकवर पडून राहतात. त्यांवर पार्ट नंबर आणि ‘कस्टमर प्रॉपर्टी’ असे रंगवलेले असते. भंगारात घालता येत नाहीत, जागेचे भाडे क्वचितच मिळते. खंडेनवमीला इतर मशीनबरोबर त्यांनाही झेंडूचे फूल वाहतात.