लॉनमधली बिळं आणि मिरचीचं पाणी

लॉनमध्ये उंदरांनी बिळं केली की मिरची पावडर पाण्यात कालवून शिंपडा, असा मेसेज सारखा फिरत असतो. यात तथ्य आहे, पण जसं सांगतात तसं केलं तर पावडर वर गवतावरच वाळते आणि खाली उंदराची ये-जा आरामात चालू राहते, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, ते विरघळतं तेलात.

मुळात तिखट ही चव नाहीच! उंदराच्या (आणि आपल्याही) तोंडात, नाकात, डोळ्यांत मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रोटीन असतं, पेशीच्या पडद्यात बसवलेलं दारच म्हणा ना. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं, कॅल्शियम-सोडियमचे आयन आत घुसतात, तंतूतून सिग्नल जातो आणि मेंदूला कळतं की भाजतंय. कॅप्सेसिन काय करतं, तर पडद्यातल्या मेदातून आत शिरून या प्रोटीनला आतल्या बाजूने चिकटतं आणि काहीही गरम नसताना ते उघडं धरून ठेवतं. म्हणजे उंदराला खरोखर चटका बसल्यासारखंच वाटतं. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने १९९७ मध्ये या प्रोटीनचं जीन शोधलं, २०२१ च्या नोबेलमध्ये हे काम होतं. पक्ष्यांचं हेच प्रोटीन थोडं वेगळं असतं, कॅप्सेसिन त्याला उघडू शकत नाही, म्हणून पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि बिया लांबवर टाकतात. आफ्रिकेतल्या नेकेड मोल रॅटची गंमत आणखी वेगळी, हा आयुष्यभर बिळात राहणारा कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी), त्याच्याकडे हे प्रोटीन आहे, पण कातडीच्या तंतूंमध्ये सबस्टन्स पी हे निरोप्या रसायनच नाही, त्यामुळे कातडीला कॅप्सेसिन लावलं तरी त्याला दुखतच नाही!

तर मिरची आधी तेलात मुरवायची, मग त्यात लिक्विड सोप आणि पाणी. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, त्यामुळे थेंब बारीक होऊन मिश्रण मातीत उतरतं. एरंडेलही असंच वापरतात, पण ते जास्त करून मोल नावाच्या बिळं खणणाऱ्या प्राण्यासाठी, आणि मोल कृंतक नाहीच, तो गांडुळं आणि किडे खातो. पाऊस पडला की पुन्हा फवारावं लागतं. फवारताना हातमोजे, चष्मा घालाच, आपलं टीआरपीव्ही१ही तितकंच जागं असतं.

जमिनीत खोचायच्या अल्ट्रासाऊंड काड्यांवर पैसे घालवू नका, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज माती थोड्याच अंतरात शोषून घेते. डांबरगोळ्या तर नकोच, नॅफ्थलीन विषारी आहे, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडात जाऊ शकतं.

फवारण्याआधी एक करा, संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीने हलकीच बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली, मिश्रण तिथेच ओता, आणि एका टोकाकडून सुरू करून कुंपणाच्या दिशेने जा, म्हणजे उंदराला बाहेर पळायला वाट राहते.