डिजॉक्सिन आणि त्याचे सुरक्षित सेवन

डिजॉक्सिन : हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारांत, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, निलयांची (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची) गती आटोक्यात ठेवण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटातून घ्यावयाचे औषध. डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीच्या पानांतून ते सिडनी स्मिथ या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १९३० मध्ये वेगळे केले. फिब्रिलेशनमध्ये अलिंदे (हृदयाचे वरचे कप्पे) एकत्र आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि त्यांतील असंख्य विद्युत्-आवेग ते निलयांकडे पोचविणाऱ्या अलिंद-निलय गाठीवर येऊन आदळतात. व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढवून डिजॉक्सिन यांपैकी बरेच आवेग गाठीपाशीच अडवते. बिघडलेला ताल मात्र ते पूर्ववत करत नाही. त्यामुळे गोळी सुरू असतानाही नाडी अनियमित लागली, तर तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे समजू नये आणि मनाने मात्रा तर मुळीच वाढवू नये. या औषधाची उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. सेवनाचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

डिजिटॅलिस वर्गातील औषधांचा शास्त्रीय वापर विल्यम विदरिंग (१७४१–९९) या बर्मिंगहॅमच्या वैद्यापासून सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विदरिंग सांगतात की, श्रॉपशरमधील एक वृद्ध स्त्री अंगावरील सुजेवर एक घरगुती काढा देत असे आणि १७७५ मध्ये त्याविषयी त्यांचे मत विचारण्यात आले. काढ्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. त्यांतील कार्यकारी वनस्पती फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हीच असावी, हे त्यांनी ओळखले. पुढील काळातील लेखनात या स्त्रीला ‘मदर हटन’ असे नाव मिळाले आणि तिने विदरिंग यांना आपले गुपित विकल्याची कथाही रूढ झाली. विदरिंग यांच्या ग्रंथात मात्र हे नाव नाही, आणि त्यांची तिच्याशी भेट झाल्याचाही उल्लेख नाही. हृदयरोगतज्ज्ञ डेनिस क्रिकलर यांनी १९८५ मध्ये या कथेचा माग काढला, तेव्हा तो १९२८ च्या सुमारास एका अमेरिकी औषधकंपनीने काढलेल्या जाहिरातचित्रापर्यंत पोचला. ही कथा नंतर रचलेली आहे, हे क्रिकलर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. प्राथम्याचा दुसरा वाद इरॅस्मस डार्विन या विदरिंग यांच्या समकालीन इंग्लिश वैद्याशी निगडित आहे. दिवंगत मुलाचा प्रबंध १७८० मध्ये छापताना त्यांनी फॉक्सग्लव्हने उपचार केलेल्या रुग्णांची माहिती त्याला जोडली आणि तीत विदरिंग यांचा निर्देश केला नाही. छपाईत डार्विन पुढे होते यात शंका नाही, परंतु मात्रेची शिस्त घालून दिली ती विदरिंग यांनीच. मूत्रपिंडे, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसू लागेपर्यंत औषध द्यावे आणि तो दिसताच थांबवावे, असा त्यांचा नियम होता. आज मात्रा ठरविण्याची पद्धत बदलली असली, तरी पहिल्या लक्षणाला थांबण्याचे त्यामागील तत्त्व अजून कालबाह्य झालेले नाही.

विदरिंग यांच्या रुग्णांपैकी काहींना फिब्रिलेशन असावे, असा तर्क केला जातो. त्या काळी ते ओळखण्याचे साधन नव्हते. हृदयालेखाच्या (ईसीजीच्या) आधारे हा विकार १९०९ च्या सुमारास निश्चित झाला आणि अशाच रुग्णांत डिजिटॅलिस सर्वांत गुणकारी ठरते हे जेम्स मॅकेन्झी या स्कॉटिश वैद्याच्या निरीक्षणांमुळे मान्य झाले.

मात्रा व्यक्तीगणिक बदलते. डिजॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. निरोगी प्रौढात त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ३६ ते ४८ तास लागतात. मूत्रपिंडे निकामी होत गेली की हा काळ अनेक दिवसांपर्यंत लांबतो. म्हणून वृद्ध व कृश व्यक्तींना कमी मात्रा देतात आणि मूत्रपिंडांचे कार्य दाखविणाऱ्या क्रिएटिनिन या रक्तघटकाची तपासणी वेळोवेळी करतात. जुलाब, उलट्या किंवा उन्हाळ्यातील पाणी-क्षय यांमुळेही पूर्वी सोसलेली मात्रा अचानक जास्त ठरू शकते. रक्तातील पातळी मोजण्यासाठी नमुना गोळीनंतर किमान ६ तासांनी घ्यावा लागतो. त्याआधी घेतलेला नमुना खोटी वाढ दाखवितो. पूर्वी मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमपर्यंतची पातळी योग्य समजत. हृदय-अक्षमतेच्या ६,८०० रुग्णांवरील १९९७ च्या चाचणीचे नंतर पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा १.२ नॅनोग्रॅम व त्यावरील पातळी असलेल्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, आणि तेव्हापासून कल १ च्या आत राहण्याकडे आहे. ही चाचणी प्रामुख्याने नियमित ताल असलेल्या रुग्णांवर झाली होती. फिब्रिलेशनला तिचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

भारतात आठवड्यातून पाच दिवस गोळी आणि दोन दिवस, बहुधा शनिवार-रविवार, खंड अशी पद्धत दीर्घकाळ प्रचलित आहे. ती नेमकी कोठून आली याविषयी एकमत नाही. शरीराला औषधापासून ‘विश्रांती’ मिळते, हे नेहमी सांगितले जाणारे कारण औषधक्रियाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, कारण खंडाच्या काळात पातळी फक्त खाली येते आणि नंतर पुन्हा चढते. येथे सर्रास मिळणारी ०.२५ मिलिग्रॅमची गोळी लहान चणीच्या रुग्णाला रोज जास्त होते आणि पाच दिवसांच्या हिशेबाने तिची सरासरी रोज सुमारे ०.१८ मिलिग्रॅम येते, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. पातळीतील चढउतार टाळायचा तर रोज कमी मात्रा घेणे श्रेयस्कर. तथापि ज्या रुग्णाला पाच दिवसांचा क्रम लिहून दिला आहे त्याने तो स्वतःहून बदलू नये. उत्पादकही वारंवार बदलू नये. एकाच मात्रेच्या पण वेगवेगळ्या उत्पादकांच्या गोळ्यांनी रक्तातील पातळीत सात पटींपर्यंत फरक पडतो, असे १९७१ मध्ये दिसून आले होते. त्यानंतर मानके कडक झाली.

एखादी गोळी राहिली आणि १२ तासांच्या आत आठवली तर ती घ्यावी, त्यानंतर आठवल्यास सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. गोळीपूर्वी नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची रीत अनियमित नाडीत फसवी ठरते. प्रौढात ठोके ६० च्या खाली असल्यास गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया हा सर्वांत जोखमीचा भाग होय. अ‍ॅमिओडॅरोन, व्हेरापामिल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांनी डिजॉक्सिनची पातळी वाढते. अ‍ॅमिओडॅरोन सुरू करताना मात्रा साधारणपणे निम्मी करतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने उलट पातळी घटते, आणि ते थांबविल्यावर ती पुन्हा वाढते. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी होते. डिजॉक्सिन पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटते आणि तेथे पोटॅशियमशी त्याची स्पर्धा असते. म्हणून पोटॅशियम घटले की औषधाची पातळी तीच राहूनही विषबाधा होऊ शकते. घरोघरी खोकल्यावर चघळला जाणारा ज्येष्ठमधही दीर्घकाळ व भरपूर घेतल्यास पोटॅशियम कमी करतो. आम्लपित्तावरील पातळ औषधे आणि इसबगोल ही शोषणात अडथळा आणू शकत असल्याने गोळीपासून काही तासांच्या अंतराने घ्यावीत. संधिज्वरानंतर मायट्रल झडप (डावे अलिंद व डावे निलय यांमधील झडप) अरुंद झालेल्या रुग्णांत डिजॉक्सिनच्या जोडीला रक्त पातळ करणारी गोळीही बहुधा असते. एकीची गरज दुसरीने भागत नाही.

भूक मरणे, मळमळ, उलट्या, विलक्षण थकवा, वृद्धांत गोंधळलेपणा, आणि वस्तू पिवळट-हिरवट दिसणे ही विषबाधेची लक्षणे होत. यांतील दृष्टिदोष प्रसिद्ध असला तरी तुलनेने विरळ. भूक मरण्याकडे मात्र ‘पोट बिघडले’ म्हणून दुर्लक्ष होते आणि तेथेच वेळ दवडला जातो. अशी लक्षणे दिसताच पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावे, हृदयालेख काढावा आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे. तीव्र विषबाधेवर डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे १९७६ पासून वापरात आहेत, पण ते अतिशय महाग असतात. महाराष्ट्रात कुंपणाला सर्रास दिसणाऱ्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बियांतही याच जातीची विषे असतात. त्या पोटात गेल्यास विषबाधा डिजॉक्सिनसारखीच होते आणि ही गोळी कधीही न घेतलेल्या व्यक्तीच्या रक्तातही डिजॉक्सिनची चाचणी सकारात्मक येऊ शकते.