हरवलेला तुकडा नवव्यावर: जॅनेट राउली आणि सीएमएलचं गुणसूत्र

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे सीएमएलच्या, रिपोर्टात आज एक ओळ हमखास असते: टी(९;२२)(क्यू३४;क्यू११). नवव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचं टोक बावीसाव्यावर गेलं आणि बावीसाव्याचं नवव्यावर आलं, एवढाच तिचा अर्थ. ही अदलाबदल ज्यांनी पहिल्यांदा ओळखली, त्या डॉ. जॅनेट राउली यांचा संशोधनातला प्रवास उशिरा सुरू झाला आणि बराच काळ अर्धवेळच चालला.

राउलींचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. पंधराव्या वर्षी त्या शिष्यवृत्तीवर शिकागो विद्यापीठाच्या विशेष अभ्यासक्रमात आल्या. वैद्यकीय शाखेत मात्र प्रवेश लगेच मिळाला नाही. ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी तीनच जागा होत्या आणि त्या भरल्या होत्या. नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ मध्ये एम.डी. झाल्या, दुसऱ्याच दिवशी लग्न झालं, पुढे चार मुलगे झाले. वीसेक वर्षं त्या आठवड्यातून तीनच दिवस काम करत होत्या. १९५५ पासूनची त्यातली काही वर्षं डाउन सिंड्रोम आणि मतिमंदत्व असलेल्या मुलांच्या शिकागोतल्या दवाखान्यात गेली.

१९५९ मध्ये डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं हे पॅरिसमध्ये सिद्ध झालं, आणि दवाखान्यातली ही मुलं अचानक गुणसूत्रशास्त्राच्या मध्यभागी आली. १९६१-६२ मध्ये पतीच्या अभ्यासरजेबरोबर राउली ऑक्सफर्डला गेल्या आणि गुणसूत्रं तयार करण्याचं तंत्र शिकून आल्या. परतल्यावर त्या शिकागोतले रक्तरोगतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांना भेटल्या. त्यांची मागणी साधी होती: एक मायक्रोस्कोप, डार्करूम आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघेल इतके पैसे. वर्षाला ५,००० डॉलर मिळाले, आणि ल्युकेमियाच्या रुग्णांचे नमुनेही.

कोडं तोवर पुढ्यात येऊन पडलेलं होतं. १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं होतं. शहरावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र हे नाव पडलं. तुकडा तुटून नाहीसा झाला असावा, असं बारा वर्षं सगळे धरून चालले. ते गुणसूत्र एकविसावं असावं, असाही समज होता. डाउन सिंड्रोमच्या मुलांना ल्युकेमियाचा धोका जास्त असतो, त्यामुळे तो पटायलाही सोपा गेला.

ही चूक कुणाच्या निष्काळजीपणाची नव्हती. त्या काळी गुणसूत्रं एकसारखी रंगत. आकार आणि मधल्या आवळलेल्या भागाची जागा पाहून त्यांचे गट पाडायचे, एवढंच शक्य होतं. २१ आणि २२ दोन्ही जी गटात, दोन्ही ठेंगणी. सी गटात ६ ते १२ च्या सात जोड्या आणि एक्स: स्त्रीच्या पेशीत सोळा, पुरुषाच्या पेशीत पंधरा, जवळपास सारखी दिसणारी गुणसूत्रं. त्या गर्दीत नवव्याच्या टोकाला लहानसा तुकडा जोडलेला असेल, तर तो कुणाला कळणार?

स्वीडनमधल्या टोर्ब्जॉर्न कास्परसन यांच्या क्विनॅक्रिन रंगाने ही कोंडी फुटली. अतिनील प्रकाशात प्रत्येक गुणसूत्रावर उजळ-फिके पट्टे दिसू लागले. फिलाडेल्फिया गुणसूत्र २२ आहे, हे त्यातूनच ठरलं. राउली १९७०-७१ मध्ये पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या आणि हे पट्टे पाडण्याचं तंत्र, बँडिंग, शिकल्या. क्विनॅक्रिनची चमक दिव्याखाली भराभर उतरते, त्यामुळे आधी फोटो काढायचे आणि मग कागदावरच्या छाया कापून जोड्या लावायच्या. हे काम त्या घरी जेवणाच्या टेबलावर करत आणि मुलं त्यांना कागदी बाहुल्या खेळताय म्हणून चिडवत. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो, पण खरा फरक पडला तो पट्ट्यांमुळे. त्याच कात्रीने १९६५ मध्ये काहीच सापडलं नसतं.

१९७२ मध्ये अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात त्यांना ८ आणि २१ यांची अदलाबदल दिसली. मग सीएमएल. ब्लास्ट क्रायसिसमधल्या, म्हणजे आजार उसळलेल्या रुग्णांत आखूड २२ तर होतंच, शिवाय एका नवव्याच्या टोकाला फिका जादा भाग होता. उसळी आल्यावर नवनवे बदल होतातच, तेव्हा हाही त्यातलाच असेल असं मानता आलं असतं. त्यांनी आजार शांत असतानाच्या नमुन्यांकडे पाहिलं. तिथेही तेच. जादा भागाची लांबी बावीसाव्यातून गेलेल्या तुकड्याएवढीच होती. निबंध १९७३ च्या जूनमध्ये ‘नेचर’मध्ये आला. १९७७ मध्ये प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ ची अदलाबदल सापडली. एकेका ल्युकेमियाचं एकेक ठरलेलं स्थानांतर, म्हणजे अशी अदलाबदल, असेल, तर ते आजाराचा परिणाम नसून कारण असलं पाहिजे, हा युक्तिवाद त्यानंतर टाळणं अवघड झालं.

हे काम प्रयोगशाळेत कुठे फसतं, ते पाहिलं की या निरीक्षणाची किंमत कळते. अस्थिमज्जेचा नमुना हेपरिनमध्ये घ्यायचा. गोठला तर पेशी हाती लागत नाहीत. साधारण २४ तास वाढवायचा, पण वाढीसाठी फायटोहिमॅग्लुटिनिन घालायचं नाही. त्याने निरोगी टी-लिम्फोसाइट विभागू लागतात आणि ल्युकेमियाच्या रुग्णाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा जोड्या लावलेला नकाशा, चक्क नॉर्मल येतो. कोल्सेमिड विभाजन मधेच थांबवतं; ते जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आखडतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या. कमी वेळ ठेवल्या तर गुणसूत्रं एकावर एक चढतात, जास्त ठेवल्या तर पेशी फुटून त्यांचे तुकडे शेजारच्या पेशीत मिसळतात आणि गणती चुकते. पुढे पेशी स्थिर करायला तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसेटिक आम्ल. जीम्सा रंगाने पट्टे पाडण्याच्या पद्धतीत ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर काही सेकंद जास्त झालं की गुणसूत्रं भुतासारखी पोकळ दिसतात. इतकं जमल्यावर नेहमीच्या तपासणीत वीस पेशी मोजायच्या.

राउलींच्या शोधावरून जनुकं सापडायला दशक लागलं. १९८२ मध्ये एबीएल जनुक नवव्यावरून बावीसाव्यावर गेल्याचं कळलं, १९८४ मध्ये बावीसावं जिथे तुटतं तो बीसीआर हा भाग सापडला. दोन्हींच्या जोडणीतून तयार होणारं प्रथिन हे सतत चालू राहणारं टायरोसिन कायनेज, म्हणजे पेशीला वाढीचा इशारा देणारं विकर, आहे. ते बंद करणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ च्या मे महिन्यात मंजूर झालं, म्हणजे निबंधानंतर २८ वर्षांनी. शांत अवस्थेत नेहमीचा डोस रोज ४०० मिलिग्रॅम.

वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार राउलींना १९९८ मध्ये मिळाला, नॉवेल आणि कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड नडसन यांच्यासह. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

उपचाराचा पाठपुरावा आता बहुतांशी रक्तातल्या बीसीआर-एबीएलच्या पीसीआरने, म्हणजे त्या जोडजनुकाच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या चाचणीने, होतो. लाख पेशींत एखादी उरली तरी ती चाचणी पकडू शकते. पण ती फक्त तेवढंच मोजते. दुसरं फिलाडेल्फिया गुणसूत्र, जादा आठवं, सतराव्याच्या दोन लांब भुजा जोडून झालेलं गुणसूत्र (आयसोक्रोमोसोम) हे आजार उसळण्याच्या वाटेवरचे बदल पीसीआरला दिसत नाहीत. त्यासाठी निदानाच्या वेळी, आणि औषधाला दाद मिळेनाशी झाली की पुन्हा, अस्थिमज्जेचा कॅरिओटाइपच करावा लागतो.