लोडर मंदावला की दमला?

शेणखताने भरलेली बकेट गुडघ्याएवढी उचलली जाते आणि लोडर तिथेच अडतो. नारायणगावची द्राक्षबाग असो वा इंदापूरचा गोठा, मिनी ट्रॅक्टरच्या लोडरची, म्हणजे पुढच्या बकेटवाल्या हायड्रॉलिक हातांची, ही तक्रार सारखीच, आणि तिच्यावरचा पहिला सल्लाही ठरलेला: पंप गेला, बदलून टाका. पंप महाग असतो आणि पुष्कळदा तो धडधाकटही असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. लोडर मंदावलाय की दमलाय? वेग तेलाच्या प्रवाहावर ठरतो, ताकद तेलाच्या दाबावर, आणि दोन्हींची दुखणी वेगळी असतात.

ताकदीचं गणित शाळेतल्या पास्कलच्या नियमाचं आहे: दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. 40 मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे 12.6 चौ. सेमी. दाब 150 बार (बार हे दाबाचं एकक) असेल तर एक सिलिंडर साधारण 1900 किलोचा जोर लावतो. पण सिलिंडर लोडरच्या हाताच्या सांध्याजवळ आणि बकेट पार टोकाला, त्यामुळे बकेटपाशी त्याचा लहानसा हिस्साच उरतो. दाब 100 बारवर घसरला की ताकदही त्याच प्रमाणात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने घटते. आधी ओझंही तपासा. 0.2 घनमीटर ओली काळी माती साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. लोडरची क्षमताच तेवढी नसेल तर दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.

आता मोबाइलचं स्टॉपवॉच काढा. बकेट रिकामी, इंजिन 1500 आरपीएमवर, आणि लोडर तळापासून टोकापर्यंत उचला. 40 मिमी बोअर आणि 500 मिमी स्ट्रोकच्या (रॉडच्या धावेच्या) दोन सिलिंडरना मिळून सव्वा लिटर तेल लागतं. मिनिटाला 20 लिटर प्रवाह असेल तर हे काम चार सेकंदांत व्हायला हवं. आठ सेकंद लागले तर निम्मं तेल कुठेतरी वाया जातंय किंवा पंपापर्यंत पोचतच नाही.

मंद लोडरमध्ये सुरुवात तेलाच्या पातळीपासून करा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, लोडर आणि मागची लिफ्ट दोन्ही खाली. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. पातळी कमी असली की चढावर पंप हवा ओढतो. तेलात फेस दिसला तर हवा, दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या गिअर लिव्हरच्या रबरी बुटातून पाणी आत जातं, हे पुण्याच्या पश्चिम पट्ट्यात नेहमीचंच. त्यानंतर सक्शनची, म्हणजे पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाइपची, जाळी धुवा. पंप घरघरत असेल तर सक्शन पाइपच्या जोडाला ग्रीसचा जाड थर लावा. आवाज उतरला तर तिथली ओ-रिंग (रबरी कडं) कडक झाली आहे. हा जोड तेल गाळत नाही, हवा खेचतो, म्हणून बाहेर डागही दिसत नाही. होज (तेलाची रबरी नळी) झटकन जोडायचा क्विक कपलर अर्धवट बसला असेल तर त्यातूनही तेल अडतं. काढून, पुसून, खट आवाज येईपर्यंत बसवा.

रिकामी बकेट चटकन उठते पण वजनाला हात टेकते, तिथे गेज लागतो. 250 बारचा ग्लिसरीन भरलेला गेज आणि टी-जोड भोसरीच्या होज क्रिंप करणाऱ्या दुकानांत मिळतो. टी उचलण्याच्या लाइनवर लावा, तेल गरम होऊ द्या, लोडर टोकापर्यंत न्या आणि लिव्हर फक्त तीन-चार सेकंद धरून ठेवा. आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. कमी आला तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, उघडून साफ करा. त्याच्या बसणीत अडकलेला धातूचा बारीक कण पुरेसा असतो. मग त्याचा स्क्रू पाव फेरा आवळा. दाब वाढला तर गुन्हेगार सापडला. वाढलाच नाही तर पंपाची आतली गळती किंवा सिलिंडर पाहा. मॅन्युअलच्या पुढे मात्र कधीही जाऊ नका, होज फुटते. थंड तेलावर ठीक आणि गरम झाल्यावर ढिला, ही झिजलेल्या पंपाची खूण आहे.

सिलिंडरचं सील तपासायला लोडर टोकापर्यंत वर नेऊन त्याला भक्कम टेकू द्या, इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब सोडा, मग रॉडच्या बाजूची होज सोडून तिचं टोक बंद करा आणि इंजिन सुरू करून उचलण्याच्या दिशेने दाब द्या. उघड्या पोर्टातून सतत तेल आलं तर सील किट बदला. लोडर उचलून ठेवल्यावर हळूहळू खाली बसतो, तेव्हा मात्र केवळ सीलला दोष देऊ नका. दोन्ही लाइन बंद असताना रॉड आत शिरायला तेल बाहेर पडावंच लागतं, आणि तो रस्ता बहुधा स्पूलमधून, म्हणजे लिव्हरच्या व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याजवळून, जातो. सील गेलेलं असेल तर बंद तेलातला दाब उलट वाढतो: 25 मिमी रॉडच्या सिलिंडरमध्ये अडीच पट.

एक काळजी मनापासून घ्या. होजमधली सुईएवढी गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. 150 बारचं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट रुग्णालय गाठा.

काम झालं की रिकामा लोडर आठ-दहा वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. फिल्टर नवा बसवला असेल तर त्याने तेल प्यायलेलं असतं, तेव्हा पातळी पुन्हा पाहा.