घर भाड्याने देताना मालकाचे संरक्षण: नोंदणीकृत करार, आवश्यक कागदपत्रे आणि घराचा विमा

महाराष्ट्रात राहते घर भाड्याने देणाऱ्या मालकापुढे दोन निरनिराळे धोके असतात. आग, पूर किंवा भूकंपाने घराचे नुकसान झाले, तर विमा उपयोगी पडतो. मुदत संपूनही राहणारा माणूस घर सोडत नसेल, तर मात्र कोणतेही विमापत्र कामाला येत नाही आणि तिथे नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्स करारच (ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारा करार) मालकाच्या हातात असतो. प्रत्यक्षात मालकांची गफलत बहुतेक वेळा या दुसऱ्या बाबतीत होते, म्हणून आधी कराराविषयी सविस्तर पाहू.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे आजही अनेक सोसायट्यांमध्ये खात्रीने सांगितले जाते. केंद्रीय नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यातून हा समज रुजला असावा. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ नुसार असा करार, मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडापेक्षाही महत्त्वाचा भाग पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर ज्या अटींवर घर दिले त्याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद मालकाने कितीही जपून ठेवला, तरी वाद झाल्यावर पुराव्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर येते.

करार कोण करू शकतो, कोणती कागदपत्रे लागतात

घर ज्यांच्या नावावर आहे त्या सर्वांनी करारात पक्षकार व्हावे. पती-पत्नीच्या संयुक्त नावावरील फ्लॅटचा करार एकट्याच्या सहीने उरकण्याची सवय पुढे अडचणीची ठरू शकते. घरावर गृहकर्ज असल्यास कर्जाच्या करारातील अटी आणि घर म्हाडा, सिडको किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील असल्यास वाटपपत्रातील अटी आधी वाचाव्यात. मालक परदेशात असेल, तर इथल्या विश्वासू व्यक्तीला कुलमुखत्यारपत्र देता येते. ते तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरील मुद्रांक शुल्क भरावे लागते. दुबई किंवा न्यू जर्सीहून कुरिअरने आलेले पत्र तसेच फायलीत पडून राहते आणि ही मुदत निघून जाते, हे बरेचदा घडते.

नोंदणीसाठी दोन्ही पक्षांचे आधार व पॅन कार्ड, दोन साक्षीदारांची ओळखपत्रे आणि मिळकतीचा पुरावा म्हणून सूची क्रमांक दोन (घराच्या नोंदणीकृत खरेदी-दस्ताचा नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा उतारा, म्हणजेच इंडेक्स टू), मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल जवळ ठेवावे. वीजबिलावर आधीच्या मालकाचे नाव असेल, तर सूची क्रमांक दोनच द्यावी.

नोंदणीची पद्धत आणि खर्च

मुद्रांक शुल्क एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परत करायच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने काढलेले व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर ०.२५ टक्के या दराने आकारले जाते. हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांसाठी आहे. समजा, फ्लॅटचे भाडे दरमहा २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख रुपये आणि मुदत २४ महिने आहे. भाड्याचे ६ लाख आणि डिपॉझिटवरील दोन वर्षांच्या व्याजाचे २० हजार मिळून ६ लाख २० हजार होतात आणि त्यावर शुल्क येते १,५५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. सेवा देणाऱ्या एजंटाचे पैसे वेगळे. हा खर्च कोणी करायचा ते दोघांनी आधी ठरवावे. बहुतेक ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटून घेतला जातो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणीची सोय असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयात जावेच लागते असे नाही. मिळकतीचा तपशील, पक्षकार, भाडे, डिपॉझिट व मुदत भरली की कराराचा मसुदा तयार होतो, शासनाच्या ग्रास प्रणालीवर पैसे भरायचे असतात आणि त्यानंतर दोन्ही पक्षांचे व साक्षीदारांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेऊन ते आधारशी पडताळले जातात. दुय्यम निबंधकांनी मसुदा तपासून मंजूर केला की नोंदणीकृत दस्त उतरवून घेता येतो; त्रुटी असेल तर तो परत येतो. वयस्कर मालकांच्या बाबतीत खरी अडचण ठशांची होते. आयुष्यभर घरकाम केलेल्या आजींच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की यंत्र चार-पाच वेळा नकार देते. मग हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरे बोट टेकवून पाहावे लागते. अशा घरी आधार आधीच अद्ययावत करून घेतलेले बरे.

मसुद्यातील छापील अटींवर समाधान मानू नये. घरातील पंखे, गीझर, कपाटे, किल्ल्यांची संख्या आणि ताबा देतानाचे वीजमीटरचे रीडिंग यांची यादी कराराला जोडावी. डिपॉझिट परत करताना होणारी बहुतेक भांडणे याच वस्तूंवरून होतात. लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो) आणि नोटिशीचा कालावधीही स्पष्ट लिहावा.

करारानंतर भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर द्यावी. ही माहिती न देता घर भाड्याने देण्यास मनाई करणारा आदेश पोलीस आयुक्त काढतात आणि तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. सोसायटीला कराराची प्रत द्यावी. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेत असलेले बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, असे १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशात स्पष्ट आहे. त्याहून जास्त मागणी आल्यास लेखी उत्तर द्यावे.

विमा: काय मिळते आणि काय मिळत नाही

विमा नियामकाने ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तिच्यात आग, वीज पडणे, भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणे, दंगल अशा कारणांनी झालेले नुकसान येते. घराची विमा रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामाचा सध्याचा खर्च यांवरून काढायची असते, बाजारभावावरून नव्हे. जमिनीची किंमत तिच्यात धरू नये. इमारतीसोबत घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. विमा संरक्षणात बसणाऱ्या घटनेमुळे घर राहण्यास अयोग्य झाले, तर त्या काळातील बुडालेले भाडेही मिळू शकते.

इथे 'भाडे' हा शब्द वाचून फसू नये. भाडेकरूने पैसे थकवले, तर त्याची भरपाई या कलमातून मिळत नाही. भाडेकरूचे स्वतःचे सामानही मालकाच्या पॉलिसीत येत नाही. त्याने हवे तर फक्त सामानाची वेगळी पॉलिसी घ्यावी. साध्या घरफोडीसाठी वाढीव संरक्षण विचारून घ्यावे. प्रस्ताव अर्जात घर भाड्याने दिले आहे हे खरे लिहावे आणि दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर बंद राहणार असेल, तर त्याविषयीचे कलम वाचून कंपनीला लेखी कळवावे. सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा काढला असेल, तर त्याची प्रत मागून दोन्ही पॉलिसी ताडून पाहाव्यात.

दावा करताना कंपनीला ताबडतोब कळवावे, सर्वेक्षक येईपर्यंत नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत आणि प्रसंगानुसार अग्निशमन दलाचा दाखला किंवा पोलीस तक्रारीची प्रत जोडावी. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मालकाने दिवाणी न्यायालयाऐवजी त्याच कायद्याखालील सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. लेखी कराराला इथे निर्णायक पुराव्याचे स्थान आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाला ताब्याचा आदेश मिळू शकतो. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी करारातील भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, म्हणून अर्जात तसा स्पष्ट उल्लेख करावा. या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज (आदेश पुन्हा तपासण्याची मागणी) मात्र करता येतो. आदेश होऊनही घर रिकामे झाले नाही, तर प्राधिकारी बळाचा वापर करून ताबा मिळवून देऊ शकतो. तोपर्यंत पाणी-वीज तोडणे किंवा कुलूप बदलणे टाळावे, कारण त्यातून उलट मालकावरच तक्रार होते आणि सरळ असलेले प्रकरण विनाकारण लांबते.