‘सर्वांना एकाच वेळी’: गुंतवणूकदार संबंधांच्या तंत्रज्ञानामागचा जुना वाद

तिमाही निकालाची फाइल प्रसिद्ध झाली की ती सर्वांत आधी वाचतो तो प्रोग्रॅम. माणूस फाइल उघडून निव्वळ नफ्याच्या ओळीपर्यंत पोचेतोवर तो आकडा बाजाराच्या अंदाजाशी ताडून सौदाही पडलेला असतो. कंपनीच्या वतीने भागधारकांशी आणि विश्लेषकांशी बोलणाऱ्या गुंतवणूकदार संबंधांच्या, म्हणजे ‘आयआर’च्या खात्यात सध्या बोलबाला आहे तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा: निकालांवर विश्लेषकांशी होणाऱ्या कॉलचे शब्दांकन, भावछटांचे मोजमाप, प्रश्नोत्तरांचा सराव, संकेतस्थळावरचा चॅटबॉट. ही साधने नवी असली तरी त्यांच्यामागचा वाद साठ वर्षांचा आहे आणि तो तीन शब्दांवरून चालू आहे: सर्वांना एकाच वेळी.

‘आयआर’चे स्वतंत्र खाते अमेरिकेतल्या एका वीज-उपकरण कंपनीने १९५३ मध्ये उघडले. पण या कामाला खरे वळण लागले ते एका खाणकाम कंपनीच्या खटल्यामुळे. १६ एप्रिल १९६४. कॅनडातल्या मोठ्या खनिज साठ्याची घोषणा करायला कंपनीने न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाला पत्रकार परिषद घेतली. ती आटोपताच एका संचालकाने आपल्या जावयाला फोन केला. जावई शेअर दलाल. कुटुंबाच्या न्यासांसाठी दोन हजार शेअर घ्यायला सांगितले, तेव्हा अजून १० वाजून २० मिनिटे व्हायची होती. बाजारात सर्वदूर वाचल्या जाणाऱ्या वृत्तफितीवर ही बातमी उमटली १० वाजून ५४ मिनिटांनी. खालच्या न्यायालयाने संचालकाला सोडले, कारण घोषणा झाली होती. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला: बातमी नुसती सांगून भागत नाही, सर्वाधिक प्रसार असलेल्या माध्यमावर ती उमटली असेल असे मानण्याइतका वेळ जाऊ द्यावा लागतो. त्या मधल्या अर्ध्या तासात ‘सांगणे’ आणि ‘पोचणे’ वेगळे झाले. पुढचे सगळे नियम याच फटीत उभे आहेत.

तरीही नंतरची तीन दशके आयआरचा कारभार निवडक कानांपुरताच राहिला. १९८३ मधल्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ठरवले की माहिती फोडणाऱ्याने स्वतःचा काही लाभ साधला असेल तरच ती ऐकून सौदा करणारा दोषी. याचा व्यवहारात अर्थ असा झाला की वित्तप्रमुखाने चार विश्लेषकांना ‘तिमाही जरा मऊ आहे’, म्हणजे निकाल कमजोर असतील, असे कुजबुजले, तर त्यात त्याचा वैयक्तिक लाभ दाखवणे जवळजवळ अशक्य. नव्वदच्या दशकात कॉन्फरन्स कॉल स्वस्त झाले, पण क्रमांक आणि पासकोड ठरावीक संस्थांनाच मिळत. किरकोळ भागधारकाला शेअरची किंमत हलल्यावर कळे की काहीतरी बोलले गेले आहे.

डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकी नियामकाने निवडक प्रकटीकरणाला थेट आळा घालणाऱ्या नियमाचा मसुदा मांडला. जवळपास सहा हजार सूचना आल्या, त्यांतल्या बहुसंख्य सामान्य गुंतवणूकदारांच्या. दलाली आणि विश्लेषण क्षेत्राचा विरोध कडवा होता. कंपन्या गप्प बसतील, माहिती आटेल, भाव जास्त उसळतील, असा त्यांचा युक्तिवाद. ऑगस्ट २००० मध्ये नियम संमत झाला आणि २३ ऑक्टोबरला लागू झाला. ज्यांची कमाईच आधी कळण्यावर होती त्यांनी माहितीच्या दुष्काळाची भीती दाखवावी, हा युक्तिवाद तेव्हाही लंगडा होता. नियम आल्यावर कॉल बंद पडले नाहीत, उलट वेबकास्ट होऊन सर्वांसाठी उघडले.

नियमाची रचना आजही पाठ असायला हवी. जाणूनबुजून माहिती द्यायची असेल तर ती सर्वांना त्याच क्षणी. अनवधानाने निसटली असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ध्यानात आल्यापासून ‘तत्परतेने’, म्हणजे २४ तास किंवा पुढच्या दिवशीचा बाजार उघडण्याची वेळ, यांपैकी जे नंतर येईल तोवर. नियम लागू होतो तो वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि बाजाराशी नेहमी बोलणाऱ्यांना. ऐकणारा दलाल, निधी व्यवस्थापक किंवा शेअर खरेदी-विक्री करण्याचा संभव असलेला भागधारक असला पाहिजे. पत्रकार या यादीत नाही.

या नियमाची सर्वांत अवघड कसोटी २००५ मध्ये लागली. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या वित्तप्रमुखाने २००३ मध्ये खासगी बैठकींत कामकाज आणि येऊ घातलेल्या सौद्यांबद्दल जे सांगितले, ते आधीच्या जाहीर विधानांपेक्षा वेगळे होते असा नियामकाचा आरोप. न्यायाधीशांनी खटला दाखल टप्प्यावरच फेटाळला. नियामक प्रत्येक शब्दाची, अगदी क्रियापदाच्या काळाची आणि वाक्यरचनेची चिरफाड करतो आहे, अधिकाऱ्याने जाहीर विधान खासगीत शब्दशः उच्चारावे अशी नियमाची अपेक्षा नाही, असे त्यांचे म्हणणे. कायदा म्हणून हे पटते. तरी कामाच्या बाजूने पाहिले तर क्रियापदाचा काळ बिनमहत्त्वाचा नसतो. ‘मागणी चांगली होती’ हे संपलेल्या तिमाहीबद्दल, ‘मागणी चांगली आहे’ हे चालू तिमाहीबद्दल, आणि जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुसरे वाक्य खासगीत बोलणे म्हणजे निकाल सूचित करणे. म्हणूनच निकालाआधीचा मौनकाळ पाळतात, एकट्याने बैठकीला जात नाहीत, दुसरा माणूस टिपणे घेतो आणि त्याच दिवशी ती जाहीर कागदपत्रांशी ताडतात. ‘आधी दिलेल्या अंदाजाबद्दल आम्ही निश्चिंत आहोत’ हे वाक्य तर तिमाही अर्धी उलटल्यावर उच्चारूच नये. जुना अंदाज नव्याने कायम करणे हीसुद्धा बातमीच असते.

२००८ मध्ये नियामकाने मान्य केले की गुंतवणूकदारांना परिचित असलेले कंपनीचे संकेतस्थळ हेही प्रकटीकरणाचे माध्यम ठरू शकते. जुलै २०१२ मध्ये एका व्हिडिओ-प्रसारण कंपनीच्या प्रमुखाने आपल्या वैयक्तिक समाजमाध्यम पानावर लिहिले की महिनाभरातले पाहण्याचे तास एक अब्जाच्या पुढे गेले. दोन लाखांहून अधिक अनुयायी, पण कंपनीने हे पान आपले माध्यम म्हणून कधीच जाहीर केले नव्हते. एप्रिल २०१३ च्या अहवालात नियामकाने कारवाई टाळली आणि निकष मात्र ठेवला: कोणत्या माध्यमावर बातमी येईल हे गुंतवणूकदारांना आधी सांगा. त्यामुळेच आता वार्षिक अहवालात आणि प्रसिद्धिपत्रकांच्या तळाशी खात्यांची नावे छापलेली असतात. ते खाते हाताळणारा माणूस बदलला की ही यादी तपासायची राहते, हा नेहमीचा घोळ.

भारतीय नियमांनी दुसरी वाट धरली. निकालांनंतरच्या कॉलचे ध्वनिमुद्रण पुढच्या ट्रेडिंग दिवसाआधी किंवा कॉल संपल्यापासून २४ तासांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा द्यायचे. लेखी प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत. १ एप्रिल २०२२ पासून हे मोठ्या प्रमाणावर बंधनकारक झाले. गोम आहे ती ‘भेट’ या शब्दाच्या व्याख्येत. विश्लेषक आणि संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या भेटींचे वेळापत्रक कळवण्याच्या कलमात भेट म्हणजे समूहाची बैठक किंवा समूहाचा कॉल. एकास-एक भेट त्यात बसत नाही. तिथे आधार उरतो तो अंतर्गत व्यापाराच्या, म्हणजे आतल्या माहितीवरून सौदे रोखणाऱ्या नियमांचा, त्यांतल्या ‘अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती’चा आणि ती कुणाला दिली त्याची वेळेसह नोंद ठेवणाऱ्या डिजिटल नोंदवहीचा. अडचण अशी की नोंदवहीत ती भेट येते जिथे संवेदनशील माहिती दिल्याचे आपण मान्य करतो. जिथे ‘काही विशेष बोलणे झाले नाही’ तिथे नोंदही नाही. व्याख्येतली ही फट बुजवायलाच हवी.

तंत्रज्ञानाने ‘एकाच वेळी’ला सेकंदात मोजायला लावले. २०१४ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी दाखवले की नियामकाच्या कागदपत्र-प्रणालीचे पैसे भरणारे ग्राहक फाइल सार्वजनिक संकेतस्थळापेक्षा काही सेकंद आधी मिळवत होते. एप्रिल २०१५ मध्ये एका समाजमाध्यम कंपनीचे निकाल बाजार चालू असतानाच एका बाहेरच्या प्रोग्रॅमने तिच्याच आयआर पानावरून उचलून जाहीर केले. शेअर त्या दिवशी सुमारे १८ टक्के घसरला. त्याच वर्षी उघड झाले की हॅकर २०१० पासून तीन वृत्तवितरण संस्थांच्या सर्व्हरमधून अप्रकाशित प्रसिद्धिपत्रके चोरत होते; चोरीला गेलेल्यांची संख्या दीड लाखांहून अधिक. नंतर खुद्द नियामकाच्या प्रणालीतही घुसखोरी झाल्याचे समोर आले.

यातून निघालेली कार्यपद्धती साधी आहे, पण चुकते तीच. फाइलचे नाव अंदाजाने ओळखता येईल असे ठेवायचे नाही. गेल्या तिमाहीच्या लिंकमधला ‘३’ खोडून ‘४’ लिहिला की नवी फाइल उघडत असेल, तर पानावर दुवा नसला तरी फाइल सार्वजनिकच आहे. मसुदा चाचणी-सर्व्हरवर ठेवायचा, तो सर्च इंजिनांपासून आणि पासवर्डशिवाय प्रवेशापासून बंद करायचा, एक्स्चेंजची, म्हणजे शेअर बाजाराची, पोच मिळाल्यावरच प्रत्यक्ष सर्व्हरवर हलवायचा. घड्याळ एकच धरायचे. वेबकास्ट कंपनीचे, वितरण संस्थेचे आणि एक्स्चेंजचे घड्याळ मिनिटभर जरी मागेपुढे असले, तरी उद्या ‘आधी कुठे आले’ या प्रश्नाला तीन उत्तरे निघतात.

आकडे यंत्राला वाचता येतील अशा एक्सबीआरएल स्वरूपात, म्हणजे प्रत्येक आकड्याला तो कशाचा हे सांगणारी खूण (टॅग) जोडून देणे अमेरिकेत २००९ पासून सर्वांत मोठ्या कंपन्यांपासून सुरू झाले, पुढे माणूस वाचतो त्याच दस्तऐवजात खुणा लपवणारे इनलाइन रूप आले. चुका त्याच त्या. पट चुकते आणि लाखांचा आकडा कोटींच्या खुणेत जातो. तोट्याच्या खुणेत उणे चिन्ह पुन्हा दिल्याने तोटा नफा होतो. प्रमाणित खूण उपलब्ध असताना स्वतःची नवी खूण बनवली जाते आणि तुलना तुटते. पीडीएफ तपासणारे तीन जण असतात, खुणा तपासणारा बहुतेक वेळा एकही नाही, आणि प्रोग्रॅम खुणाच वाचतो.

शब्दांचेही तेच झाले. २०११ मध्ये वित्तीय मजकुरासाठी खास शब्दयादी प्रसिद्ध झाली, कारण सर्वसाधारण कोशात नकारार्थी धरलेल्या शब्दांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश वित्तीय लेखनात नकारार्थी नसतात: ‘कर’, ‘खर्च’, ‘दायित्व’. नंतरच्या संशोधनात दिसले की ज्यांचे अहवाल यंत्रे जास्त उतरवून घेतात त्या कंपन्या त्या यादीतले शब्द टाळू लागल्या. म्हणून आता काही विश्लेषक प्रमुखाच्या आवाजाचाही कल मोजतात. दुसरीकडे आपोआप होणारे शब्दांकन इंग्रजी कॉलमध्ये ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ करते, ‘कान्ट’चे ‘कॅन’ करते, आणि ती प्रत रेकॉर्डिंगशी न ताडता चढवली तर चूक कंपनीच्या नावावर जाते.

नव्या जनरेटिव्ह साधनांनी दोन प्रश्न उभे केले आहेत. पहिला: मसुद्याचे आकडे सार्वजनिक साधनात चिकटवणे ही गळती आहे, म्हणून सरावाची प्रश्नोत्तरे करारबद्ध, बंदिस्त खात्यातच चालवायची. दुसरा जास्त गुंतागुंतीचा. आयआर पानावरचा चॅटबॉट एका भागधारकाला त्याच्या प्रश्नावर जे उत्तर देतो, ते सर्वांना दिलेले मानायचे का? उत्तर फक्त प्रसिद्ध कागदपत्रांतून, पान क्रमांकासह द्यायला लावले तर धोका आटोक्यात राहतो. पण तो दोन कागदपत्रे जोडून कंपनीने कधीच न मांडलेला अंदाज तयार करू शकतो, आणि तो कंपनीच्या नावाने एकालाच गेलेला असतो. सध्या सावध कंपन्या प्रत्येक प्रश्न-उत्तर वेळेच्या शिक्क्यासह साठवतात, मौनकाळात बॉट बंद ठेवतात आणि पुढच्या तिमाहीबद्दलचा कोणताही प्रश्न आला की तो माणसाकडे वळवतात.